कच्चं लिंबू आणि बुक्कीनं फोडलेला कांदा

चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होते तेव्हा माझ्या जावेच्या नाकातून चहा आला. ठसका तिला लागला आणि बोलणी मला बसली. तेव्हा कप खाली ठेवा. ठेवलात? हां, आता ऐका माझी फजिती.

मी पहिलीला शिकवते हे तुम्हाला माहीतच आहे. बिराजदार बाई म्हटलं की आमच्या भागातली शेंबडी पोरंसुद्धा नाक पुसून सरळ उभी राहतात. लहान मुलांच्या मनातलं अख्ख्या सोलापुरात माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. हे 'होतं' जरा लक्षात असू द्या.

तर शाळा नुकतीच सुरू झाली होती. एक दिवस वर्गाच्या दारात एक बाई आल्या. घरी टॉवेलची शिलाई करतात, त्यामुळे केसांत पांढरे दोरे अडकलेले. बरोबर मुलगी. ठेंगणी, गोबऱ्या गालांची, दोन घट्ट वेण्या, आणि माझ्याकडे असं निरखून बघत होती की माझीच मुलाखत चालली आहे असं मला वाटलं.

“बाई, ही तेजस्विनी. आमी तेजू म्हणतो. हिला डाऊन सिंड्रोम हाय.”

“अजिबात काळजी करू नका!” मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून सवयीनंच बाहेर पडतं.

“न्हाई, ऐका तर. घरी आमी तेलुगू बोलतो, पन मराठी तिला सगळं कळतं. बोलायला जरा टाइम घेती, तेवढं थांबायचं. बारकी असताना हृदयाचं ऑपरेशन झालंय, पन डॉक्टर म्हणले खेळू द्या, पळू द्या. अभ्यास हुईल तेवढा हुईल की.” मग त्यांचा आवाज जरा खाली गेला. “पयल्या शाळेत तिला कुणी खेळायलाच घ्यायचं न्हाई, बाई. मी डबा घेऊन जायची तवा भिंतीला टेकून उभी दिसायची. माझं एकच म्हणणं हाय. तिला खेळात घ्या.”

केवढी साधी मागणी! पण मला साधं काही जमतं का? मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, चित्रं काढली, नवऱ्याला समोर बसवून भाषणाची तालीम केली. तो मध्येच घोरायला लागला, तरी मी भाषण पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले.

“सांगा बरं, आपलं अंग कशाचं बनलंय?”

“हाडांचं!” “रक्ताचं!” “खिचडीचं!”

शेवटचं उत्तर सिद्धारामचं. हा अक्कलकोटकडचा. वडील यंत्रमागावर चादरी विणतात. या पोराला प्रत्येक गोष्टीत नियम लागतो. मोठेपणी वकील होणार, नाहीतर अंपायर.

मी फळ्यावर बारीक बारीक रेघा ओढल्या. “आपल्या अंगात डोळ्यांना दिसणार नाहीत असे बारीक धागे असतात. कुणाचे केस कुरळे, कुणी उंच, कुणी बुटकं, हे सगळं त्या धाग्यांवर ठरतं. आपल्या तेजूच्या अंगात त्यातला एक धागा जास्तीचा आहे. म्हणून तिला बोलायला, पळायला, शिकायला थोडा जास्त वेळ लागतो. बाकी हसणं, रुसणं, भांडणं, सगळं तुमच्यासारखंच.”

मुस्काननं हात वर केला. मुस्कान म्हणजे वर्गातली सगळ्यात बारकी पोरगी आणि सगळ्यात मोठा आवाज. “बाई, तिच्याशेजारी बसलं की मला पन जास्तीचा धागा येईल?”

“नाही गं. तो जन्मापासूनच असतो. सर्दीसारखा लागत नाही.”

“अरेरे,” मुस्कान म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

सिद्धाराम उभा राहिला. “बाई, आमचे पप्पा म्हणतेत, जास्त धाग्याची चादर लई भारी असती. उबदार. महाग पन असती.”

तेजू पहिल्या बाकावर बसली होती. तिनं मागं वळून सिद्धारामकडं बघितलं आणि 'बरोबर आहे तुझं' अशी मान डोलावली. मुस्काननं दप्तर उचललं आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. झालं! विषय संपला! माझी अर्धी तालीम शिल्लक होती आणि पोरांनी प्रश्न सोडवून टाकला होता.

इथं मी तोंड मिटायला हवं होतं की नको? पण छे! उरलेली अर्धी तालीम वाया कशी घालवू? मी सुरू केलं. तेजूला ढकलायचं नाही. तेजूला मदत करायची. तेजूला जपायचं. तेजूशी कुणी भांडायचं नाही. आत्ताच मी सांगितलं होतं की ती तुमच्यासारखीच भांडते, आणि लगेच भांडायला बंदी! ही विसंगती पोरांच्या लक्षात आली. माझ्या आली नाही.

पहिलीतली पोरं. बाईंनी सांगितलं म्हणजे देवानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तेजूच्या दप्तराला तिघे लोंबकळायचे. डबा उघडायला दोघी. चप्पल घालायला एक जण डाव्या पायाला, एक जण उजव्या. तेजू पाय मागं ओढायची आणि एकच शब्द म्हणायची, “मी!” मला वाटायचं, लाजते बिचारी.

आणि मग आला खेळ. आमच्या मैदानात सुट्टीत एकच खेळ चालतो, बर्फ-पाणी. ज्याच्यावर राज्य तो बाकीच्यांना पकडतो. हात लावून “बर्फ!” म्हटलं की असाल तसं गोठून उभं राहायचं. दुसऱ्या कुणी येऊन शिवलं आणि “पाणी!” म्हटलं की सुटका. पोरं हात टाकून राज्य ठरवत होती, त्यात तेजूचाही हात होता. आईची मागणी पुरी झाली होती हो! आणि तेवढ्यात मी व्हरांड्यातून गरजले.

“तेजू कच्चं लिंबू!”

कच्चं लिंबू तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी होतो. सगळ्यात बारकं पोर. त्याला खेळात घेतात खरं, पण त्याला आउट करत नाहीत आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. मला वाटलं, वा! काय सुचलंय! खेळात घेतलं आणि जपलंही.

तेजूनं हात काढून घेतला. माझ्याकडं बघितलं. मी खाली उतरून तिच्याजवळ गेले आणि हातावर थोपटून म्हटलं, “आता तुला कोणी पकडणार नाही हं, बाळा.”

झालं. रोज सुट्टीत तेजू पळायची. ज्याच्यावर राज्य असेल त्याच्या समोर जाऊन छाती काढून उभी राहायची. तो तिला वळसा घालून पुढं जायचा. मग ती मागून जाऊन त्याचा शर्ट ओढायची. तो “सोड की!” म्हणून पळायचा. आजूबाजूला सगळे गोठताहेत, सुटताहेत, एकमेकांना शिवताहेत, आणि हिला कोणी बोटसुद्धा लावत नाही. हे सगळं मी खुर्चीवर बसून बघायची आणि मला भरून यायचं. काय ही गुणी पोरं! काय ही माया! आणि काय या बिराजदार बाई!

मधल्या काळात तेजू रोज माझ्याकडं यायची. “बाई, मला...”

“शू?” मी विचारायची.

ती मान हलवायची. “मला...”

“डबा? पाणी? पोटात दुखतंय?”

ती माझ्याकडं बघत राहायची, मग सुस्कारा सोडून निघून जायची. आईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तेवढं थांबायचं. मुस्कान थांबायची. सिद्धारामसुद्धा थांबायचा. न थांबणारी अख्ख्या वर्गात मी एकटी, आणि मुलांच्या मनातलं कळणारीही मीच!

आता मुख्य दिवस. ऊन असं की मैदानातल्या कडुलिंबाच्या झाडाचीही पानं हलत नव्हती. सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं ओळीत आली. मी बघते तर मैदानाच्या मधोमध तेजू उभी. एक हात वर, एक पाय पुढं, तोंड अर्धवट उघडं. नजर समोर.

“तेजू, चल गं!”

काही नाही.

“तेजू! ए तेजू!”

पापणीसुद्धा नाही. ते ऑपरेशन आठवलं, सगळे व्हिडिओ एकदम डोळ्यांपुढं आले. मी साडी सावरत धावले. खांद्याला धरलं, गाल थोपटले. अंग ताठ! पोरगी ढिम्म!

“पाणी आणा! पंख्याखाली न्या! मोठ्या बाईंना बोलवा! रिक्षा थांबवा!” चारही हुकूम मी एका श्वासात सोडले. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चष्मा कपाळावर घेऊनच धावत आल्या आणि चष्मा कुठं आहे म्हणून विचारायला लागल्या. शिपाई गुंडूमामा खिचडीच्या खोलीतून कांदा घेऊन आले. फिट आली की कांदा हुंगवायचा, हे मामांचं एकमेव वैद्यकीय ज्ञान. त्यांनी पायरीवर कांदा ठेवला, बुक्कीनं फोडला आणि माझ्या हातात दिला. मी तो तेजूच्या नाकाला लावला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोरगी हलली नाही!

मुस्कान माझा पदर ओढत होती. “बाई, मी एक सांगू?”

“आत्ता नाही!”

“बाई, पन ती...”

“गप्प! मागं व्हा सगळे! हवा येऊ द्या!”

मी तेजूच्या आईला फोन लावला आणि जे वाक्य कोणत्याही आईला कधीही सांगू नये तेच सांगितलं. “लवकर या, तेजू हलत नाही!” फोन बंद झाला. त्या बाईंनी तिकडं काय हाल भोगले असतील, ते आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

इकडं मी तेजूच्या तोंडावर पाणी मारलं. वेण्यांतून थेंब गळताहेत, नाकाखाली कांदा, डोक्यावर ऊन, आणि पोरगी दगडासारखी. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात मागून सिद्धारामचा शांत आवाज आला. तो कुणाला तरी कायदा समजावून सांगत होता.

“तसं सोडवता येत न्हाई. ती कच्चं लिंबू हाय. कच्चं लिंबू बर्फ हुईत न्हाई. मग पाणी कसं द्यायचं?”

“पन तिनं सोताच डोक्यावर हात मारून बर्फ म्हटलंय की!” मुस्कान कावली होती. “किती येळ झाला उभी हाय ती! कुणीतरी सोडवा की!”

“बाईंनीच सांगितलंय. नियम म्हणजे नियम.”

मी कांदा हातात घेऊन वळले. “काय म्हणालात?”

आता मुस्कानला बोलायला मिळालं आणि ती थांबेचना. “बाई, तिला लई दिवसापासनं बर्फ व्हायचं हाय. तिला कुणी बर्फच करत न्हाई. तुमाला पन सांगाय येत होती ती. आज तिनं सोताच केलं. आता कुणी पाणी दिल्याबिगर ती हलणार न्हाई. लई पक्की खेळती ती. आमी तर माशी बसली तरी हलतो.”

मी तेजूकडं बघितलं. चेहरा तसाच. फक्त डोळे माझ्याकडं वळले आणि पुन्हा सरळ झाले. त्या नजरेत काय होतं ते मला आता बरोबर वाचता आलं. 'पेटली एकदाची ट्यूब तुमची!'

“अगं मग दे की पाणी! सोडव तिला!” मी ओरडले.

“न्हाई बाई,” मुस्कान म्हणाली. “आदी तुमी म्हणा, ती कच्चं लिंबू न्हाई. मग सोडवते.”

सगळी शाळा जमली होती. वरच्या वर्गातली पोरं खिडकीतून लोंबत होती. मोठ्या बाईंना एव्हाना कपाळावरचा चष्मा सापडला होता आणि त्या माझ्याकडं तो लावून बघत होत्या. मी फुटका कांदा हातात धरून, घसा साफ करून, मोठ्यानं म्हणाले, “तेजू कच्चं लिंबू नाही.”

मुस्काननं तिच्या खांद्याला हात लावला. “पाणी!”

आणि काय सुटली हो ती पोरगी! हसत, थेंब उडवत, वेण्या हलवत. सिद्धारामवर राज्य होतं. नियम बदलल्या क्षणी तो तिच्या मागं लागला. काही दया नाही, काही माया नाही. झाडाजवळ गाठून पाठीत असा धपाटा दिला, “बर्फ!” तेजू गोठली. पण या वेळी तिला हसू काही आवरेना. बर्फ हसत नसतो, पण सिद्धारामनं तेवढी सूट दिली. मग तिला सोडवायला अख्खा वर्ग ओळ मोडून धावला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कांदा हातात होता म्हणून निभावलं, नाहीतर सगळ्यांना कळलं असतं. तसं तुम्हाला म्हणून सांगते, ते कांद्याचं नव्हतं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि तेजूची आई धावत आली. एका पायात चप्पल, केसांत दोरे, चेहरा पांढराफटक.

“बाई! कुटं हाय तेजू? तुमी म्हणला, हलत न्हाई!”

“हलत नव्हती...”

“आन् आता?”

“आता थांबत नाही.”

त्यांनी मैदानाकडं बघितलं. तेजू पळत होती आणि सिद्धाराम तिच्या मागं. त्यांनी पायरीवर बसकण मारली. मी कांदा लपवत सगळा प्रकार सांगितला. त्या आधी रडल्या, मग हसायला लागल्या, ते थांबेचनात. “अगं बाई! तरीच घरी रोज 'मला बर्फ, मला बर्फ' करायची! मी रोज संध्याकाळी गोळेवाल्याकडं न्यायची की हो हिला! घसा बसला पोरीचा! आन् घरात आरशासमोर पुतळ्यागत उभी ऱ्हायची, आजीला म्हणायची, बघ, हलते का मी!”

म्हणजे बघा! कोणी खेळवत नाही म्हणून ही रडत बसली नाही. घरी सराव करत होती! कधीतरी आपल्याला बर्फ करतीलच, तेव्हा आपण पक्के असलो पाहिजे, म्हणून. कांदा, पाणी, ऊन आणि बिराजदार बाई, एवढ्या चार संकटांपुढं न हलणारं माणूस मी तरी दुसरं बघितलेलं नाही. आणि मुस्कान? माझ्यासारखीला सगळ्यांसमोर शब्द मागं घ्यायला लावणं आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तेजू माझ्या खुर्चीसमोर आली. “बाई, तुमी...”

जिभेवर 'शू?' हा प्रश्न आला होता. गिळला. थांबले.

“तुमी... पन... खेळायला... या.”

आता नाही कसं म्हणणार? पदर खोचला आणि उतरले मैदानात. राज्य तेजूवर. पहिल्याच फेरीत तिनं मला गाठलं. “बर्फ!” मी गोठले. गोठले म्हणजे, तसा प्रयत्न केला. आधी गुडघा कुरकुरला. मग पदर सुटला तो धरला. मग शिंक आली.

“बाई हलल्या!” सिद्धाराम ओरडला. “आउट!”

“शिंक आली रे!”

“तेजूला कांदा लावला तरी ती हलली न्हाई!”

“जाऊ दे की, बाईंचा गुडघा दुखतो,” मुस्काननं रदबदली केली. दोघांनी तेजूकडं बघितलं. तिनं मला खालपासून वरपर्यंत निरखलं. जवळ आली. माझ्या हातावर थोपटलं, अगदी मी तिला थोपटलं होतं तसं.

“बाई... कच्चं लिंबू.”

एकानंही हरकत घेतली नाही!

तेव्हापासून मी रोज खेळते. म्हणजे पोरं खेळतात, मी मधोमध असते. ज्याच्यावर राज्य तो मला वळसा घालून जातो. मी समोर जाऊन उभी राहते, हात हलवते, “अरे, मी पण आहे की!” म्हणते. कोणी बोट लावत नाही. फार वाईट असतं हो ते, मला माहीत नव्हतं.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, तेजूला जमलं ते आपल्याला का जमू नये? स्वतःच्याच डोक्यावर हात मारला, “बर्फ!” म्हटलं, आणि एक हात वर, एक पाय पुढं करून गोठले. गुडघा कुरकुरला, पण हलले नाही. शिंक आली, ती गिळली. मनात म्हटलं, आता येईल मुस्कान, नाहीतर तेजू तरी येईलच.

घंटा झाली. पोरं ओळीत लागली आणि बडबडत वर्गात गेली. तेजूनं दारातून एकदा मागं वळून बघितलं, सिद्धारामच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघं पोट धरून हसत आत पळाली.

मी उभीच. मैदान रिकामं. आणि समोरून, खिचडीच्या खोलीतून, गुंडूमामा कांदा घेऊन धावत येताना दिसले.